बकाराम सोनकुसरेची पोच

आत्याबाईनं मला कागद शोधून आणायला सांगितलं तेव्हा मी शहराच्या कडेला, बेसाच्या आमच्या फ्लॅटमध्ये वालाच्या शेंगा सोलत बसले होते, आणि हे काम चार दिवसांत उरकेल अशी माझी खात्री होती. माझी बहुतेक गोष्टींबद्दल खात्री असते. एकतीस वर्षं मी पोलिसांसाठी बोटांचे ठसे जुळवण्याचं काम केलं. दोन ठशांमध्ये आठ खुणा जुळल्या की कोर्टात चालतं. मी मात्र बारा जुळल्याशिवाय कधी सही केली नाही. साहेब लोक वैतागायचे, पण माझी सही एकाही वकिलाला खोडून काढता आली नाही. हे मी घरी आलेल्या पाहुण्यांना चहासोबत अजून ऐकवते.

आत्याबाई म्हणजे पार्वतीबाई, माझ्या वडिलांची मोठी बहीण. वय शहाऐंशी. नजर गेल्यातच जमा, नाक आणि जीभ मात्र शाबूत. तिला हवा होता तिच्या आजोबांच्या मृत्यूचा पुरावा.

आजोबा म्हणजे माझे पणजोबा, बकाराम सोनकुसरे. विणकरांच्या गल्लीत सूत रंगवायचे. निळीत बुडून बुडून त्यांचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते आणि साबणानं तो रंग काही जात नव्हता. १९३४च्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या लुगड्यांचं सूत त्यांच्याकडून बिघडलं, रंग काळपट उतरला. लग्नघरी अपशकुन झाला म्हणून बोलाचाली झाली. पणजी तुळजाबाई रागाच्या भरात चारचौघांत म्हणाली, "आता मले पुन्हा तोंड दाखवू नका." बकारामांनी चप्पल घातली आणि निघून गेले. ते परत आले नाहीत.

त्याच वर्षी पितृपक्षात भाऊबंद म्हणाले, त्याचंही एक पान मांडून टाक. तुळजाबाईनं साफ नकार दिला. मेल्याचा कागद दाखवा, मग मांडते, असं म्हणाली आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांना तीच शपथ घालून गेली. म्हणून नव्वद वर्षं आमच्याकडे सर्वपित्री अमावस्येला सगळ्या पितरांचं पान मांडलं जातं, बकारामांचं सोडून.

"मी गेल्यावर कोण मांडणार हाये त्यायचं पान?" आत्याबाई म्हणाली. "तू? तुले तिथी विचारली तर मोबाईल काढतं."

"मंग तू मांड ना यंदा. मी कुठं नाही म्हणून राहिली?"

"कागद आण वं धनू. कागदाशिवाय आजीच्या शपथेवर पाय कसा देऊ मी?"

तिचा आवाज एरवी असा ओला होत नाही. अमावस्येला अकरा दिवस राहिले होते आणि डॉक्टरांनी तिच्या हृदयाबद्दल जे सांगितलं होतं ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

शोधायचं कुठे, हे तिनंच सांगितलं. तुळजाबाई मरेपर्यंत, म्हणजे १९५१पर्यंत, दरवर्षी सर्वपित्रीच्या आठवड्यात एका साप्ताहिकात जाहिरात द्यायची. लहानपणी त्याची चिठ्ठी छापखान्यात नेऊन द्यायचं काम आत्याबाईकडे असायचं.

"पण पणजोबाले तर वाचता येत नव्हतं," मी म्हटलं. "मंग जाहिरात कायले?"

"आमच्या गल्लीत एकदोघं सोडले तर कोणाले येत नव्हतं. माग चालत राहत, अन् एक जण मधात बसून पेपर वाचे. हातानं विणा, कानानं आयका. ज्याच्यासाठी काही छापून आलं असंन त्यानं वाचून झाल्यावर खाली अंगठा द्यायचा. आयकलं, समजलं, म्हणून. बाकीच्यायले शाई लागे. आजोबाले नाही लागे म्हणे."

ते साप्ताहिक केव्हाच बंद पडलं. त्याचे बांधीव अंक महाल भागातल्या एका जुन्या वाचनालयात निघाले. खाली भांड्यांचं दुकान, बाजूनं अरुंद लाकडी जिना, वर लांबट खोली. खिडक्यांना हिरव्या काचा, त्यामुळे भर दुपारीही सगळ्यांचे चेहरे आजारी दिसायचे. भिंतीवर "शांतता राखा" असा पत्रा. ग्रंथपाल प्रेमलताबाई पन्नाशीच्या, कामापुरतं बोलणाऱ्या. त्यांनी १९३४चा खंड माझ्यासमोर ठेवला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"पानं सांभाळून पलटा. पापडासारखी मोडतात."

पहिली जाहिरात वीस मिनिटांत मिळाली. चौथं पान, तळाचा कोपरा, एका तेलाच्या जाहिरातीखाली. आम्ही खात्यात असताना एकानं नोंद मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं ठसा बघायचा अशी पद्धत होती. ती सवय काही सुटलेली नाही. मी आपसूक वाचायला लागले.

"श्री. बकाराम सोनकुसरे यांस. जेथे असाल तेथून निघून यावे. पान मांडलेले नाही. कोणी काही बोलणार नाही. तुळजा."

चार ओळी. मी चष्मा काढला. माझ्या लहानपणी तुळजाबाईचं नाव निघालं की सगळे म्हणायचे, फार तोंडाळ बाई. मला तेवढंच ठाऊक होतं.

चष्मा पुसून पुन्हा लावला तर जाहिरातीखाली निळा ठसा होता.

डाव्या अंगठ्याचा. स्वच्छ, गोल चक्र, मधून एक तिरपा चिरा गेलेला. सुतानं कापलेल्या अंगठ्यावर असतो तसा. आधी का दिसला नाही, तर चष्मा मळका होता, असं मी माझं समाधान केलं. कोणीतरी गल्लीतला जुना अंक वाचनालयाला दिला असणार. यात नवल काय?

त्या संध्याकाळी घरी आले तर आत्याबाईनं दारातच नाक वर केलं.

"निळीच्या मडक्यापाशी गेली होती का वं?"

"कुठलं मडकं? पेपरवाल्या लायब्ररीत होती."

"मंग आंबट वास कायचा येऊन राह्यला?"

मला येत नव्हता. मी हातपाय धुतले आणि कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी १९३५चा खंड. जाहिरात त्याच जागी, तोच मजकूर. मी वाचली. खाली निळा अंगठा. हा अंकही त्याच गल्लीतून आलेला असू शकतो, मी स्वतःला म्हटलं. पण या वेळी मी वाचण्याआधी मोबाईलवर फोटो काढला होता, केवळ आत्याबाईला मोठं करून दाखवता यावं म्हणून. दुपारी डबा खाताना तो फोटो पाहिला.

फोटोत ठसा नव्हता.

मी डबा बंद केला. घाबरले का? हो, लपवायचं काय त्यात. पण मी घाबरले की कामाला लागते. वहीत तक्ता आखला आणि १९३७चा खंड मागितला. जाहिरात शोधली, फोटो काढला. कागद कोरा. मग मनातल्या मनात वाचली, पुन्हा फोटो काढला. कोरा. पाच मिनिटं नुसतं बघत बसले. कोरा. मग मोठ्यानं वाचली.

शेवटचा शब्द, "तुळजा", म्हणून झाला आणि कागदात खालून ओल चढावी तसा ठसा वर आला. आधी चक्राचा मध्य, मग कडा, मग चिरा. मी तर्जनी टेकवली. बोट निळं झालं.

१९३८लाही तेच. १९३९लाही तेच. मी तीनही नोंदी वहीत लिहून वेळ टाकली.

"मॅडम," प्रेमलताबाई टेबलापाशी येऊन हळू म्हणाल्या, "इथं मोठ्यानं वाचू नका."

"माफ करा. पाटी आहे, पाह्यली मी."

"पाटीचं नाही म्हणून राहिली." त्या माझ्याकडे न बघता माझ्या खुर्चीच्या मागे बघत होत्या. "तुम्ही वाचता तेव्हा फरशी ओली होते. मले पुसावं लागते."

मी मागे वळून पाहिलं. लादीवर एक निळसर थेंब होता, फार तर दोन. मी माझ्या रुमालानं पुसले.

१९३६चा खंड आदल्या दिवशी बांधणीला गेला होता म्हणून राहिला होता. तो तिसऱ्या दिवशी मिळाला, आणि त्यातच कागद होता. जानेवारीचा अंक, गावगाड्याच्या बातम्या: "उमरेड रस्त्यावरील एका पडक्या विहिरीत सुमारे पंचेचाळीस वर्षे वयाच्या इसमाचे प्रेत मिळाले. दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. डोके व तोंड उपरण्याने घट्ट गुंडाळलेले. वारस न आल्याने सरकारी खर्चाने अग्नी दिला."

मी ते तीनदा वाचलं. तोंड गुंडाळलेलं. एवढ्या एका शब्दासाठी माणूस मरेपर्यंत तोंड झाकून फिरला, आणि त्याला परत बोलावणारी चिठ्ठी दरवर्षी त्याच शहरात छापून येत होती. मला तुळजाबाईचाही राग आला आणि त्यांचाही.

मग मी ती बातमी मोठ्यानं वाचली. मुद्दाम, सावकाश, प्रेमलताबाईंची क्षमा मागून. दोनदा वाचली. खाली काही उमटलं नाही. त्याच वर्षीची सप्टेंबरची जाहिरात वाचली, लगेच अंगठा उमटला. पुन्हा जानेवारीची बातमी. काही नाही. तिच्यात त्यांचं नावच नव्हतं. पोच कशाची देणार?

आत्याबाईच्या ट्रंकेत विणकर सोसायटीचा १९३१चा एक कागद होता, बकारामांच्या अंगठ्यासह. रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगल्या उजेडात, मी तो ठसा आणि वाचनालयात जाहिरात वाचून झाल्यावर काढलेला ठशाचा फोटो शेजारी ठेवून भिंग लावलं. चौदा खुणा जुळल्या. पंधरावा तो चिरा. खात्यातली असते तर डोळे मिटून सही केली असती.

मी आत्याबाईला सगळं सांगितलं. तिच्यापासून काही लपवायचं तर तिचं नाक कापून ठेवावं लागेल. बातमीची प्रत तिनं हातात घेतली आणि कुरवाळली.

"म्हणजे मेले," ती म्हणाली.

"हो."

"अन् त्यायले कोणी सांगितलंच नाही."

"आत्याबाई, आता पान मांड. कागद मिळाला ना तुले."

"मांडतोच. पण आम्ही त्यायले अठरा वर्षं बोलावलं, पान मांडलं नाही म्हणून सांगितलं. आता मांडलं हे कोण सांगन? बसन मानूस तसाच वाट पाहत." तिनं माझा हात धरला. तिचे हात नेहमी थंड असतात. "जाहिरात दे वं धनू. एकच. माझ्या नावानं."

नाही म्हणायला मला पुष्कळ कारणं होती आणि ती सगळी शहाणपणाची होती. पण तिनं आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही. मी गेले. वर्तमानपत्राच्या खिडकीवरच्या माणसानं मजकूर वाचून विचारलं, "श्रद्धांजलीत टाकू की हरवले आहेत मध्ये?"

"निमंत्रणात टाका," मी म्हटलं.

अमावस्येच्या सकाळी पेपर आला. सातव्या पानावर, कोपऱ्यात. आत्याबाई आंघोळ करून, नवीन लुगडं नेसून खुर्चीत बसली होती.

"वाच. मोठ्यानं वाच."

वाचलं की काय होतं ते मला माहीत होतं. तरी मी वाचलं.

"श्री. बकाराम सोनकुसरे यांस. तुमचा कागद मिळाला. अमावस्येस तुमचे पान मांडले आहे. जेवायला यावे. कोणी काही बोलणार नाही. नात पार्वती." आणि खाली आमचा पत्ता, इमारतीच्या नावासकट, तिसरा मजला, फ्लॅट तीनशे दोन.

कागदाकडे बघत मी थांबले. एक मिनिट, दोन, दहा. कागद कोरा राहिला. मी दिवाणखान्याच्या खिडकीत जाऊन उजेडात धरला, भिंग लावलं. काही नव्हतं. खांद्यावरचं ओझं उतरलं आणि मला चक्क हसू आलं. झालं, संपलं, म्हटलं. पोच नाही म्हणजे माणूस शांत झाला.

मग आम्ही स्वयंपाकाला लागलो. तांदळाची खीर, वडे, भोपळ्याची भाजी, गवार, आळूची पातळ भाजी, कढी. आत्याबाई चव सांगत होती, मी करत होते. बाराच्या सुमाराला सगळ्या पितरांचं पान बाल्कनीत ठेवलं. बेसात इमारती वाढल्या आणि कावळे घटले, अमावस्येला त्यांची आधी वेळ घ्यावी लागते की काय असं वाटतं. तरी एक आला. जेवला आणि गेला.

बकारामांचं पान आत्याबाईनं बाहेर ठेवू दिलं नाही.

"पाहुण्याले कोणी बाल्कनीत वाढते का? आत घे. अन् दार लोटू नको."

दिवाणखान्यात पाट मांडला, पान वाढलं, तांब्या भरून ठेवला. दार उघडंच होतं. आत्याबाई समोर बसली आणि हात जोडून काहीतरी पुटपुटली. मी स्वयंपाकघरात वडे तळत होते, तेलाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. अर्ध्या तासानं बाहेर आले तर पान जसंच्या तसं होतं आणि आत्याबाईच्या गालांवरून पाणी वाहत होतं. रडत नव्हती. चेहरा असा होता की ती लहान मुलगी असताना मी तिला पाहिलं नाही याचं मला वाईट वाटलं.

"झालं मनासारखं?" मी विचारलं.

"झालं."

चारच्या सुमारास मी ते पान गाईला द्यायला खाली उतरले. गेटवर वॉचमन बळीराम खुर्चीत बसला होता. उठून उभा राहिला.

"पाहुणे जेवले का मॅडम?"

"कोणते पाहुणे?"

"तुमच्याकडे आले ते बाबा. पेपर होता हातात. म्हणे, एवढं वाचून दे गा मले. मी वाचून देल्लं. तुमचाच पत्ता होता. लिफ्ट दाखवली तर नको म्हणे, जिन्यानं गेले."

माझ्या हातातलं पान जड झालं.

"दिसायले कसे होते?"

"तोंड कुठं दिसलं? दुपट्टा गुंडाळून होते, घट्ट. एवढं आभाळ भरून होतं तरी."

"रजिस्टरमध्ये सही घेतली?"

"सही येत नाही म्हणे. मंग अंगठा घेतला."

"शाईचं पॅड आहे तुझ्याकडे?"

"पॅड कायले पाह्यजे, मॅडम. त्यायचा अंगठा वलाच होता."

मी पान कट्ट्यावर ठेवलं आणि रजिस्टर उघडलं. दूधवाला. कुरिअर. चारशे एकमधल्या मॅडमचा प्लंबर. त्याखाली बळीरामच्या अक्षरात, फ्लॅट तीनशे दोन, पाहुणे, येण्याची वेळ बारा दहा.

सहीच्या रकान्यात निळा ठसा.

पर्समध्ये भिंग असतंच. मी मोजलं. बारा. तेरा. चौदा. मग चिरा.

दूधवाल्याची जाण्याची वेळ लिहिलेली होती. कुरिअरवाल्याची होती. प्लंबर एक वाजता गेला होता.

तीनशे दोनसमोर काही लिहिलेलं नव्हतं.

"जातानाची वेळ लिहायची राहिली का रे?" मी विचारलं.

"नाही मॅडम. मी इथंच बसून आहे. ते खाली उतरलेच नाही."

याला आता तीन महिने झाले. तो रकाना मी मधूनमधून बघून येते, रिकामाच आहे. आत्याबाईची तब्येत सुधारली, डॉक्टरांना आश्चर्य वाटतं. रोज सकाळी सात वाजता ती मला पेपर मोठ्यानं वाचायला लावते, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. मी वाचते. तिच्या शेजारी तिनं वेताची एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. केर काढताना मी ती उचलते, खालचे निळसर थेंब पुसून घेते आणि परत तशीच ठेवते, भिंतीकडे तोंड करून.